ब्लेंडिंग मोडला मराठीत काय म्हणावं?

खटपट्या:
व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. कट, ट्रिम, टाइमलाइन, लेयर हे शब्द तसेच ठेवलेत, त्यावर कोणाची तक्रार नाही. अडलोय ते 'ब्लेंडिंग मोड'पाशी, म्हणजे एका क्लिपवर दुसरी ठेवली की दोघींचे रंग कसे एकत्र येतात ते ठरवणाऱ्या सेटिंगपाशी. 'मिश्रण पद्धती' असं लिहून पाहिलं, पण काहीतरी खटकतं. शिवाय त्याखालची नावं: मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले, कलर डॉज, डिफरन्स. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तर याच गोष्टीला 'कंपोझिट मोड' म्हणतात. काय करावं?

टाइमलाइनवाला:
'मिश्रण' नकोच. अर्थच चुकतो. मिश्रण म्हटलं की दोन्हीतलं थोडंथोडं घेऊन मधलं काहीतरी, असं डोळ्यापुढे येतं. ते काम ऑपॅसिटीचं, म्हणजे क्लिप किती अपारदर्शक ते ठरवणाऱ्या सेटिंगचं. वरची क्लिप ५० टक्क्यांवर आणली की प्रत्येक पिक्सेलला दोघींची सरासरी मिळते आणि चित्र धुरकट होतं. ब्लेंडिंग मोडमध्ये वरच्या पिक्सेलचा आकडा आणि खालच्या पिक्सेलचा आकडा घेऊन एक गणित केलं जातं. लाल, हिरवा, निळा प्रत्येकाचं वेगळं. मोड निवडणं म्हणजे कोणतं गणित ते निवडणं. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे १, बाकी सगळं मधे.
मल्टिप्लायला सरळ 'गुणाकार' लिहा. फक्त पोरं विचारणार की गुणल्यावर वाढायला हवं, मग चित्र काळवंडतं कसं?

पाढेवाली:
कारण पोरांनी निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेले नसतात! अर्ध्याचं निम्मं पाव. ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. एकाहून लहान आकड्यांचा गुणाकार दोघांपेक्षा लहानच येतो, म्हणून मल्टिप्लाय कधी उजळ करूच शकत नाही. पांढऱ्याने गुणलं तर जसंच्या तसं, काळ्याने गुणलं तर काळं. पांढऱ्या कागदावरची सही किंवा शाईचे डाग व्हिडिओवर घ्यायचे असतील तर मल्टिप्लाय लावला की कागद आपोआप गायब होतो, तो यामुळेच. जुन्या अंकलिपीतलं ते पान टिपणात घाला, मी तर म्हणेन.

शाईची दौत:
छापखान्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. कागदावर पिवळी शाई, तिच्यावर सायन (हिरवट-निळी) शाई, की हिरवा. पिवळी शाई निळा प्रकाश खाते, सायन लाल खाते, उरतो हिरवा. लाल, हिरवा, निळा या क्रमाने आकड्यांत मांडा: पिवळा (१, १, ०), सायन (०, १, १), गुणाकार (०, १, ०). लिथोच्या छपाईत एकेका रंगाचा दगड वेगळा असायचा आणि ठसे एकावर एक पडायचे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी रविवर्मा प्रेससाठी छपाईचं काम करत होते, हे जाता जाता.

खटपट्या:
गुणाकार पक्का. पण स्क्रीन? 'पडदा' लिहिलं तर पोरं मॉनिटर समजतील. आणि एक अडचण शब्दाची नाही, कामाची आहे. गणपतीच्या मिरवणुकीच्या व्हिडिओवर काळ्या पार्श्वभूमीवरच्या गुलालाची क्लिप स्क्रीन लावून टाकतात. ढोलावर, गर्दीवर छान दिसते. पांढऱ्या सदऱ्यावर आली की गुलाल नाहीसाच होतो.

टाइमलाइनवाला:
होणारच. स्क्रीन म्हणजे दोन्ही आकडे एकातून वजा करायचे, उरलेले एकमेकांशी गुणायचे आणि उत्तर पुन्हा एकातून वजा करायचं. काळ्याचा परिणाम शून्य, म्हणून काळी पार्श्वभूमी जाते. पण खाली आधीच पांढरं असेल तर वर काहीही ठेवा, पांढरंच राहतं. ठिणग्या, दिव्यांची झळाळी, फटाके, लेन्स फ्लेअर हे स्वतः प्रकाश देतात, त्यांना स्क्रीन किंवा ॲड (आकड्यांची सरळ बेरीज) शोभतो. गुलाल प्रकाश देत नाही, अडवतो. त्याला पांढऱ्यावर चित्रित केलेली क्लिप आणि मल्टिप्लाय हवा, नाहीतर पारदर्शक पार्श्वभूमीची क्लिप घेऊन नॉर्मल मोडवर ठेवा. मिरवणुकीच्या निम्म्या व्हिडिओंत गुलाल गुलाबी उजेडासारखा दिसतो, त्याचं कारण हेच.

पाढेवाली:
गणिताच्या भाषेत हा 'पूरक गुणाकार' झाला. कोणी म्हणणार नाही, कबूल. 'स्क्रीन'च ठेवा. नाव प्रोजेक्टरच्या पडद्यावरूनच समजावता येतं: एकाच पडद्यावर दोन चित्रं टाकली की उजेडात भर पडते.

शाईची दौत:
एक बारीक दुरुस्ती. दोन प्रोजेक्टरांचा उजेड खरं तर सरळ बेरजेने वाढतो, म्हणजे तो ॲड. त्याला 'बेरीज' म्हणा. बेरीज १ च्या वर गेली की तपशील जळून सपाट पांढरं होतं. स्क्रीन तिथवर सावकाश पोचतो. कॅमेऱ्यात एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचे तीही बेरीजच. मेलिएससारखे सुरुवातीच्या काळातले फ्रेंच सिनेमावाले त्यासाठी मागे काळा पडदा लावायचे. काळं म्हणजे शून्य, म्हणून तेवढी फिल्म दुसऱ्या चित्रासाठी कोरी राहायची.

रात्रपाळी:
ओव्हरलेचं आधी नक्की करा. मोबाइलच्या काही ॲपमध्ये एका क्लिपवर दुसरी क्लिप ठेवण्यालाच 'ओव्हरले' म्हणतात. तिथे शिकलेला मुलगा कॉम्प्युटरवर आला की 'सर, ओव्हरले केलं, पण रंग का बदलला?' मोड म्हणून ओव्हरले वेगळा: खालचं चित्र गडद असेल तिथे गुणाकार, उजळ असेल तिथे स्क्रीन. म्हणजे काँट्रास्ट वाढतो. वरच्या लेयरमधला अगदी मधला करडा मात्र काहीच करत नाही, म्हणून फिल्म ग्रेनच्या (फिल्मसारखा दाणेदारपणा देणाऱ्या) क्लिप करड्या रंगाच्या असतात.
डॉजला 'हुलकावणी' आणि बर्नला 'जाळणे' लिहिणार असाल तर आधी कळवा, मी सुट्टी टाकतो.

शाईची दौत:
हुलकावणी अर्थाने जवळची आहे हो! डार्करूममध्ये पुठ्ठ्याचा तुकडा हलवत ठेवून कागदाच्या एका भागावर पडणारा प्रकाश अडवायचे. तो भाग छापात उजळ यायचा, तो डॉज. जास्त वेळ प्रकाश देऊन गडद केला तो बर्न. तरी नावं बदलू नका, मेनूत शोधायची तीच आहेत.

खटपट्या:
डिफरन्सला 'वजाबाकी' चालेल?

पाढेवाली:
नाही. वजाबाकी म्हणजे सबट्रॅक्ट. तिथे उत्तर उणे आलं की ० धरतात, आणि कोणातून कोण वजा याने फरक पडतो. डिफरन्समध्ये फक्त दोन आकड्यांमधलं अंतर बघतात, क्रम उलटा केला तरी तेच. 'अंतर' किंवा 'फरक' लिहा.

टाइमलाइनवाला:
डिफरन्सचा खरा उपयोग तपासणीला. जुनं आणि नवं एक्स्पोर्ट एकावर एक ठेवा, डिफरन्स लावा. सगळं काळं आलं तर दोन्ही तंतोतंत सारखे. कुठे कडा चमकल्या तर एखादी फ्रेम सरकलेली असू शकते.

खटपट्या:
मथळा ठरवला: 'ब्लेंडिंग मोड: दोन लेयरमधलं गणित'. मिश्रण खोडलं.

रात्रपाळी:
यादीत शेवटी असलेले ह्यू, सॅच्युरेशन, कलर, ल्युमिनॉसिटी त्या मथळ्यात नीट बसत नाहीत. तिथे लाल-हिरवा-निळा सुटे गुणत नाहीत. 'कलर' लावला की छटा आणि रंगाचा भडकपणा वरच्या लेयरचा, उजेड-अंधार खालच्याचा. कृष्णधवल चित्रण रंगवायला तोच वापरतात. त्या चौघांना 'उसने मोड' म्हणा. कोणाकडून काय उसनं घेतलं एवढंच लक्षात ठेवायचं.

खटपट्या:
'उसने मोड' घेतला, आणि गुलालाचं उदाहरण मल्टिप्लायच्या पानावर हलवतोय. पांढऱ्यावर चित्रित केलेली गुलालाची क्लिप कोणाकडे असेल तर सांगा, मला शोधून सापडतात त्या सगळ्या काळ्यावरच्याच.