मदत हवी आहे: वाद्यांविना गाणाऱ्या गटाचे रंगमंचावरील सादरीकरण कसे सुधारावे?

नमस्कार.

अमळनेर आणि आसपासच्या गावांतील आम्ही सात जण कोणत्याही वाद्याची साथ न घेता, केवळ गळ्यावर समूहाने गातो. चार स्त्रिया आणि तीन पुरुष असा हा गट आहे. एक जण खर्जाचा आधार सांभाळतो, एक जण तोंडाने ताल धरतो आणि उरलेले पाच जण मुख्य चाल व तिच्याभोवतीचे सूर आपापसांत वाटून घेतात. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या पेन मसाला या विद्यार्थीगटामुळे आणि पुढे पेंटाटॉनिक्स या गायकगटाच्या चित्रफितींमुळे अकापेला, म्हणजे वाद्यांविना समूहाने गाण्याचा प्रकार, आपल्याकडील तरुणांना चांगला परिचित आहे. आमचा भर मात्र अहिराणी गाण्यांवर आहे. कानबाई या खानदेशातील देवीची, जात्यावरची आणि लग्नातली गाणी आम्ही घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांकडून शिकलो आणि गटातील संगीत शिक्षकांनी त्यांची अनेक सुरांत मांडणी केली.

गाण्याची बाजू आमच्या मते बऱ्यापैकी पक्की आहे. अडचण आहे ती रंगमंचावर उभे राहण्याची. तालमीला आम्ही सतरंजीवर गोल करून बसतो, एकमेकांकडे पाहतो, कोणी श्वास घेतला की पुढची ओळ येणार हे न सांगता कळते, आणि गाणे सहज रंगते. तेच गाणे प्रेक्षकांसमोर एका ओळीत उभे राहून म्हणायचे ठरले की सगळे अवघडतात. गटातील एक ताई पदराचे टोक मुठीत धरतात आणि गाणे संपेपर्यंत सोडत नाहीत. बाकीच्यांच्या नजरा षड्ज, म्हणजे सुरुवातीचा सा, देणाऱ्या सरांवर खिळलेल्या असतात. आमच्यापैकी बहुतेक जण महाविद्यालयीन युवक महोत्सवांतील समूहगीतांतून आलेले आहेत. तिथे हार्मोनियम आणि तबला पाठीशी असल्यामुळे स्थिर उभे राहून गायले तरी निभावते. इथे मात्र पाहण्यासारखे जे काही आहे ते आम्हीच आहोत, आणि आम्ही तर गोठल्यासारखे उभे!

यावर उपाय म्हणून आम्ही हातांच्या हालचाली आणि दोन पावलांची ये-जा बसवून पाहिली. त्यातून दोन गोष्टी घडल्या. पाहणाऱ्यांना ते शाळेच्या स्नेहसंमेलनासारखे वाटले, आणि गाणे संपता संपता सगळ्यांचा सूर मिळून जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली आला. बसून गाताना असे होत नाही.

जाणकारांकडून मला विशेषतः हे समजून घ्यायचे आहे की एकमेकांकडे न पाहता एकत्र सुरुवात कशी करावी, हालचाल कोणत्या आधारावर ठरवावी आणि हालचाल करताना सूर कसा राखावा. सुरुवातीचा षड्ज कसा घ्यावा, हाही प्रश्न आहे. सध्या सर पिच पाइप (ठरावीक स्वर देणारी छोटी नळी) फुंकतात, मग सगळे गुणगुणून स्वर पक्का करतात आणि तेवढ्या वेळात प्रेक्षक आपापसांत बोलू लागतात.

एक तबला तरी सोबत घ्या, असा सल्ला आम्हाला अनेकदा मिळतो. तो देणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु कानबाईच्या जागरणात रात्र रात्र गाणाऱ्या बायकांच्या गळ्यात जो भरीवपणा आम्ही ऐकला आहे, तो वाद्यांविनाच लोकांपर्यंत पोहोचावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी धुळ्याचा. हौशी रंगभूमीवर आणि समूहगायनाच्या तालमी घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारे लिहितो.

आपण जी गाणी निवडली आहेत, ती मुळात प्रेक्षकांसाठी नाहीतच. कानबाईसमोर बसलेल्या बायका कानबाईला आणि एकमेकींना गाणे ऐकवतात. जात्यावरची बाई स्वतःशी किंवा समोर बसलेल्या जावेशी बोलते. म्हणून गोल बसल्यावर आपले गाणे रंगते आणि ओळीत उभे राहिल्यावर विझते. ओळ मोडा. प्रेक्षकांच्या बाजूने उघडा असलेला अर्धगोल करा आणि त्यातही सगळे एका अंतरावर नकोत. दोघी जवळ, एक जण थोडा मागे, असे उभे राहा. खर्ज आणि ताल धरणाऱ्यांना मात्र मध्यभागी शेजारी शेजारी ठेवा, कारण बाकीचे पाच जण त्यांच्याच आधारावर गात असतात.

नजरेची सवय सोडवण्यासाठी तालमीत सगळ्यांनी गोल करून, पण पाठी आतल्या बाजूला आणि तोंडे बाहेर करून गावे. सुरुवातीला गोंधळ होईल. काही दिवसांत शेजाऱ्याचा श्वास कानाने ओळखता येऊ लागेल, आणि गाण्याची सुरुवात हाताच्या इशाऱ्याने न होता सगळ्यांनी मिळून घेतलेल्या श्वासाने होईल. त्या श्वासाची लय गाण्याच्या लयीइतकीच असली पाहिजे; संथ गाण्यापूर्वी झटक्यात श्वास घेतला तर पहिलीच ओळ पळते.

हालचालीविषयी माझे मत ठाम आहे. ती वरून बसवू नये, गाण्यातून काढावी. आधी चाल बाजूला ठेवून गाण्याचे शब्द नाटकातल्या संवादासारखे वाचा आणि प्रत्येक ओळ कोण कोणाला म्हणते आहे ते ठरवा. माहेरची आठवण सांगणारी ओळ आईला उद्देशून असेल, तर ती म्हणणाऱ्या ताईंनी प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर एक जागा ठरवून तिथे आईला पाहावे. पदराचे टोक मग आपोआप सुटते, कारण हातांना काय करावे हा प्रश्नच उरत नाही. जात्याच्या गाण्यात दळणाचा डोल शरीरात असतोच. तो खांद्यांत हलकासा येऊ द्यावा, हाताने जाते फिरवून दाखवू नये. नंतर तालमीचे चित्रीकरण करून ते आवाज बंद ठेवून पाहा. गाणे न ऐकताही प्रसंग कळत असेल तर सादरीकरण जमले आहे.

सूर उतरण्याचे कारण बहुधा श्वासात आहे. पाऊल टाकताना पोटाचा आधार सुटतो, आणि तो नेमका लांबलेल्या स्वरावर सुटला तर सगळा गट खाली येतो. म्हणून जागा बदलायची ती दोन ओळींमधल्या विसाव्यात, लांब स्वरावर कधीही नाही. शिवाय आपली पट्टी, म्हणजे हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर सा धरता ते, तपासा. स्त्रिया सहसा काळी चार किंवा पाचमध्ये गातात आणि पुरुष काळी एक-दोनमध्ये. मिश्र गटात मधली पट्टी धरताना बायकांचे सूर फार खाली गेले की ते थकून उतरतात. गाणे केवळ अर्ध्या स्वराने वर नेऊन पाहा, पुष्कळदा तेवढ्याने भागते. तालमीत तानपुरा लावावा, पण मधूनच बंद करावा आणि गाणे संपल्यावर पुन्हा लावून किती फरक पडला ते ऐकावे.

षड्ज विंगेतच घ्यावा आणि सरांनी तो ओठ मिटून धरूनच प्रवेश करावा. त्याहून चांगले म्हणजे खर्जाच्या एका लांब स्वरावर बाकीच्यांनी एकेक करून प्रवेश करावा; सूर जुळवणे हाच गाण्याचा आरंभ होईल.

धागाकर्त्या

दादा, इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तोंडे बाहेर करून गाण्याचा सराव आम्ही येत्या तालमीपासूनच सुरू करतो. एक गोष्ट विचारायची राहिली. मोठ्या पटांगणावर कार्यक्रम असला की ध्वनिव्यवस्था पाहणारे मिरवणुकीच्या गाण्यांप्रमाणे भरपूर इको लावतात, आणि तोंडाने ताल धरणारा मुलगा माइकची जाळी मुठीत धरतो तेव्हा शिटी वाजते. याला काय करावे?

प्रतिसाद

जाळी मुठीत धरली की माइक समोरचा आवाज सोडून चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो, आणि स्पीकरचा आवाज पुन्हा त्यात शिरून शिटी वाजते. त्याने दांडा धरावा आणि ओठ जाळीच्या अगदी जवळ ठेवावेत. जवळ धरलेल्या माइकमध्ये खालचे स्वर आपोआप भरतात, त्यामुळे डग्ग्यासारखा घुमारा मुठीशिवायही मिळतो. प्रत्येकाला स्वतंत्र माइक मिळणे सर्वांत बरे. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यांना त्यांचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या पाठीमागच्या बाजूला, गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवायला सांगा आणि त्यात खर्ज व ताल बाकीच्यांपेक्षा मोठे घ्या. इको पूर्ण बंद करायला सांगावे, कारण सात गळ्यांचे शब्द त्यात एकमेकांत मिसळतात आणि अहिराणी कळेनाशी होते. हे सगळे कार्यक्रमाच्या आधी, पटांगण रिकामे असताना, एक पूर्ण गाणे गाऊन ठरवून घ्यावे आणि गटातील एकाने त्या वेळी प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत उभे राहून ऐकावे.