पैठणीचा ब्लाउज : हात वर केला की कड चढते, मुंढा खोल करावा का?

मोरपंखी
नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न वैशाखात पुण्यात आहे. मुहूर्ताला ती येवल्याची जांभळी पैठणी नेसणार असून तिचा कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज पैठणीसोबत आलेल्या कापडातूनच शिवायचा आहे. ते कापड जेमतेम 80 सेंटिमीटर आहे, म्हणजे एकदा कापले की दुसरी संधी नाही, म्हणून शिंप्यांकडून आधी साध्या सुती कापडाचा नमुना शिवून घेतला. स्वस्थ उभे राहिल्यावर तो छातीला व कमरेला चांगला बसतो. मात्र वरमाला घालताना उचलावेत तसे हात उचलले की खालची कड दोन बोटे वर चढते, बगलेत काचते आणि पाठीचा गळा अंगापासून सुटतो. मुंढा, म्हणजे बाही जोडायची धडावरची गोलाई, अर्धा इंच खोल केला की काचणे थांबेल, असे शिंप्यांचे म्हणणे आहे. पैठणीला कात्री लागण्यापूर्वी जाणकारांचे मत मिळाले तर बरे होईल.

सुईदोरा
मुंढा खोल करू देऊ नका. उपाय सोपा वाटतो म्हणून तो सगळीकडे सुचवला जातो, पण होते उलटेच. बाही धडाला जिथे जोडलेली असते ती शिवण बगलेपासून जितकी खाली जाईल, तितका हात उचलताना सगळा ब्लाउज त्या शिवणीबरोबर ओढला जातो. काचणे कदाचित थांबेल, पण कड दोनाऐवजी तीन बोटे चढेल. मुंढा बगलेच्या जवळ, टोचणार नाही इतपत वर असला, तर हात एकटा उचलला जातो आणि धड जागच्या जागी राहते.

मग काचते कशामुळे? बहुधा दोन कारणे असतात. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा अधिक आत कोरलेला हवा. दोन्ही सारखेच कापले असतील तर पुढच्या वळणावर कापड गोळा होऊन रुतते, आणि तिथे कापड खाली नव्हे, तर छातीच्या दिशेने आत कोरायचे असते. दुसरे कारण बाहीचे. बाहीचा वरचा गोल भाग उंच कापला की हात खाली असताना एकही चुणी दिसत नाही आणि फोटो सुरेख येतात, पण हात उचलायला वाव राहत नाही. तो भाग किंचित उतरता घेऊन बाही दंडात तेवढीच रुंद केली की हात मोकळा होतो. बदल्यात बगलेशी एखादी चुणी दिसेल, ती स्वीकारावी असे माझे मत आहे.

छातीचे माप पुढचे आणि पाठीचे वेगवेगळे घेतले आहे का, हेही विचारून पाहा. छाती 36 इंच असलेल्या दोघींपैकी एकीचे पुढचे माप 19 आणि पाठीचे 17 असू शकते, तर दुसरीचे दोन्हीकडे 18. एकूण आकडा जुळला तरी एकीचा ब्लाउज दुसरीच्या पाठीवर ताणला जाईल. हात पुढे नेताना रुंदी पाठीला लागते.

बाहीच्या टोकाला काठ येणार असल्यामुळे आणखी एक मर्यादा आहे. काठ सरळ विणलेला आणि जरीमुळे ताठ असतो, त्याला गोलाई देता येत नाही, म्हणून तिथला घेर नमुन्यातच पक्का करावा लागतो आणि तो कोपर वाकवून मोजावा.

वाटसरू
सुईदोरा यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण वैशाखातल्या उकाड्याचा विचार या मोजमापात आलेला नाही. रेशमावर घामाचे डाग राहतात, त्यामुळे बगलेत घाम शोषणारे पॅड लावावेच लागतील, आणि त्यांनाही जागा लागते. मुंढा वर घ्यायचा असेल तर पॅड लावूनच नमुना घालून पाहावा, नाहीतर ऐन वेळी तो रुतेल. अस्तर सुती असेल तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे. नमुन्यालाही तेच अस्तर लावावे, कारण एकेरी कापडाचा नमुना बराच सैल पडतो आणि फसवतो.

कुंदामावशी
अगं, नुसते हात वर करून पाहू नकोस. बहिणीला पाटावर मांडी घालून बसव, लाजाहोमात लाह्या टाकताना वाकावे तसे पुढे वाकायला सांग, आणि त्या दिवशी घालायचे आतले कपडे हे सगळे करताना अंगावर असू देत. पाठीचा गळा सुटतो याचे कारण बहुतेक वेळा तो खोल आणि रुंद दोन्ही असतो. खोली ठेवायची असेल तर रुंदी कमी कर, गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी किंचित ओढून लावायला सांग आणि वर नाडी बांध. नुसत्या नाडीवर भिस्त ठेवली तर ती सारखी घट्ट करावी लागते, आणि मुंडावळ्या व हार घातल्यावर मागे हात कोण नेणार?

मोरपंखी
सर्वांचे मनापासून आभार. शिंप्यांना विचारले. पाठीचे माप वेगळे घेतलेले नव्हते. आता दुसरा नमुना अस्तर आणि पॅड लावून शिवत आहेत. एक शंका उरली आहे : बहिणीचे वजन सध्या कमी होत आहे, तर पक्की शिवण कधी घालावी? आणि मावशी, नाडीचे अगदी पटले.

सुईदोरा
बाजूच्या शिवणी सोडून बाकी सगळे पक्के करून घ्या. त्या दोन शिवणींत प्रत्येकी सव्वा ते दीड इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, ठेवून त्या हाताने, लांब कच्च्या टाक्यांनी घालायला सांगा आणि लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी शेवटचे माप झाल्यावरच मशीन फिरवू द्या. रेशमातली मशीनची शिवण उसवली की सुईची भोके दिसत राहतात, त्यामुळे आधी घट्ट शिवून नंतर सैल करण्याचा मार्ग इथे उपयोगाचा नाही. हुकपट्टीला हात लावून घेर कमी करू देऊ नका. तसे केले की टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या, मध्याकडे सरकतात आणि पुढचा सगळा बसलेला आकार बिघडतो.