अपघाताच्या दाव्यात कंपनी अडीच लाख देऊ करते आहे. सही करण्यापूर्वी या शब्दांचा अर्थ समजून घ्यायचा आहे

प्रश्न – भवानी पेठेतील सदस्या

नमस्कार. माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रस्त्यावरील एका कारखान्यात टॉवेलच्या यंत्रमागावर काम करतो. त्याचे वय 38 आहे. दोन महिन्यांपूर्वी तो दुचाकीवरून येत असताना पुणे महामार्गावर मोहोळजवळ एका मोटारीने त्याला मागून धडक दिली. उजव्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून सळई बसवावी लागली आणि गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. मोटारीच्या विमा कंपनीचे अधिकारी घरी येऊन गेले. कलम 164 प्रमाणे ‘नो फॉल्ट’ म्हणून अडीच लाख रुपये लगेच मिळतील, दावा लढवल्यास भावाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते हा मुद्दा निघेल आणि ‘कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स’ लागून रक्कम कापली जाईल, असे त्यांनी सांगितले. डॉक्टरांच्या मते अपंगत्व सुमारे वीस टक्के राहील. घरात पैशांची चणचण आहे, त्यामुळे सही करावी असे आईला वाटते. हे शब्द नेमके काय सांगतात, हे कोणी समजावून देईल का?

उत्तर – होटगी रस्ता (मोटार अपघात दाव्यांचे काम करणारे वकील)

ताई, तूर्त सही करू नये, एवढे आधी सांगतो आणि मग कारण देतो.

मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या आणि या बाबतीत 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या दुरुस्तीनंतर जखमी व्यक्तीसमोर दोन वाटा असतात. कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही, परंतु रक्कम ठरलेली असते: मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख. कलम 166 खाली मोटारचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, मात्र तेथे भरपाई प्रत्यक्ष नुकसानीवर ठरते आणि तिला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. कंपनीने कलम 149 च्या (तडजोडीच्या) पद्धतीने देऊ केलेली कलम 164 ची रक्कम एकदा स्वीकारली, की कलम 166 चा दावा संपुष्टात येतो. हे अडीच लाख आगाऊ मिळतात आणि उरलेले पुढे मागता येतात, असा पुष्कळांचा समज होतो आणि घरी आलेला माणूस तो दूर करीलच असे नाही. प्रस्ताव नाकारणे हा आपला हक्क आहे. नाकारल्यास मोटार अपघात दावा प्राधिकरण प्रकरण गुणवत्तेवर ऐकते.

आता हेल्मेटविषयी. कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स म्हणजे अपघात घडण्यात जखमीचाही वाटा असणे आणि त्या वाट्याच्या प्रमाणात भरपाई कमी होणे. नियम मोडला एवढ्यावरून तो वाटा ठरत नाही. त्या उल्लंघनाचा अपघाताशी किंवा दुखापतीशी कारणसंबंध दाखवावा लागतो. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्याच कारणावरून मृताचा दोष धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात म्हटले आहे. येथे धडक मागून बसली आहे आणि मोडले आहे ते मांडीचे हाड, त्याचा हेल्मेटशी संबंध जोडणे अवघड आहे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात वाहनांची स्थिती कशी नोंदली आहे, ते मात्र आजच पाहून घ्यावे.

दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. पोलिसांनी आपला सविस्तर अपघात अहवाल 90 दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि त्यालाच अर्ज मानता येते. तरीही त्यावर विसंबून न राहता स्वतःचा अर्ज करावा. व्याज सहसा अर्जाच्या तारखेपासून धरले जाते, म्हणून उशिरात नुकसान आपलेच आहे.

उत्तर – जुळे सोलापूर (विमा दावा विभागातून निवृत्त)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तथापि माझ्या मते या प्रकरणाचा निकाल ‘वीस टक्के’ या आकड्यावर ठरेल, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

वैद्यकीय अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीलाच न्यायालयात ‘फंक्शनल डिसेबिलिटी’ म्हणतात आणि भविष्यातील उत्पन्नाची भरपाई तिच्यावर मोजली जाते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात फार स्पष्ट उदाहरण दिले आहे: डावा हात गमावणारा सुतार किंवा वाहनचालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, पण सरकारी कारकुनाची नोकरी त्यामुळे जाईलच असे नाही. आपल्या भावाला पूर्ण पाळी उभ्याने काढावी लागते, एका मागाकडून दुसऱ्याकडे सतत जावे लागते आणि तुटलेला धागा जोडायला वाकावे लागते. ज्याचा गुडघा वाकत नाही, त्याच्यासाठी वीस टक्के अपंगत्वाचा अर्थ टेबलावर बसून काम करणाऱ्यापेक्षा कितीतरी जड आहे.

आकड्यांत सांगतो. महिना 15,000 रुपये उत्पन्न सिद्ध झाले असे समजू, म्हणजे वर्षाला 1,80,000. चाळिशीच्या आतील अशा कामगारासाठी पुढील वाढ म्हणून 40 टक्के मिळवतात, ते 2,52,000 होतात. वय 36 ते 40 असेल तर गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणतात तो, 15 असतो. हे गुणक 2009 च्या सरला वर्मा निकालातील आहेत. कमाईतील घट 20 टक्के धरली तर 7,56,000 रुपये येतात आणि 40 टक्के धरली तर 15,12,000. उपचाराचा खर्च, घरी बसलेल्या काळातील बुडालेली मजुरी, पुढे सळई काढावी लागल्यास तिचा खर्च, वेदना आणि जगण्यातील गमावलेले सुख या बाबी त्याखेरीज मोजल्या जातात. अडीच लाखांचा विचार या आकड्यांशेजारी ठेवून करावा.

प्रश्नकर्त्या सदस्या

आपणा दोघांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितलेले वीस टक्के त्या पायाचे की संपूर्ण शरीराचे, हे मला विचारायचे सुचले नव्हते. दुसरी अडचण अशी, की भावाला मजुरी नगावर मिळते, तीही दर आठवड्याला रोख, आणि पगाराची पावती कधीच मिळत नाही. त्याचे उत्पन्न कसे सिद्ध करायचे? आणि मोटारचालकाकडे परवानाच नव्हता असे निघाले तर?

उत्तर – होटगी रस्ता

परवान्याची चिंता आपण करू नये. आपला भाऊ त्या पॉलिसीच्या दृष्टीने तिसरा पक्ष आहे, म्हणजे विमा कंपनी आणि वाहनमालक या दोघांबाहेरचा, त्या वाहनाने जखमी झालेला माणूस. चालकाकडे परवाना नसल्यास अशा प्रकरणांत प्राधिकरण बहुधा कंपनीला आधी जखमीस पैसे द्यायला आणि नंतर ते वाहनमालकाकडून वसूल करायला सांगते.

उत्पन्नासाठी कारखान्याचे हजेरीपत्रक, मालकाच्या वहीतील उचल आणि मजुरीच्या नोंदी, बँकेत भरलेल्या रकमा आणि त्याच्या शेजारच्या मागावर काम करणाऱ्या कामगाराची साक्ष उपयोगी पडते. मालकाने नुसता दाखला देऊन भागत नाही. त्यांनी किंवा त्यांच्या मुनीमाने प्राधिकरणापुढे येऊन तो शाबीत करावा लागतो, तेव्हा त्यांच्याशी आताच बोलून ठेवावे. काहीच कागद नसला तरी दावा बुडत नाही. किमान वेतनाचे दर आणि कामाचे स्वरूप पाहून उत्पन्न ठरवले जाते, पण ते बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी धरले जाते.

उत्तर – जुळे सोलापूर

टक्केवारीविषयी ताईंनी योग्य शंका काढली. एका पायाचे अपंगत्व आणि संपूर्ण शरीराचे अपंगत्व यांचे आकडे वेगळे असतात आणि दाखल्यावर तसा स्पष्ट उल्लेख हवा. सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाचा दाखला उपचार पूर्ण होऊन हाड जुळल्यानंतर घ्यावा. घाईने घेतलेल्या दाखल्यावर कंपनीचे वकील नेमके तेच बोट ठेवतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीसाठी बोलवावे आणि भाऊ मागावर किती वेळ उभा राहू शकेल, हा प्रश्न त्यांना थेट विचारला जावा. उपचाराची बिले कोणाच्या मेडिक्लेममधून भागली असतील तर तीही लपवू नयेत. ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च 2025 मध्ये ठरवले आहे.