अनुभव धागा : हुशार मुले, अपूर्ण वह्या आणि एडीएचडीची शंका

सातवीपर्यंत पहिल्या पाचांत असलेले मूल आठवी-नववीत वह्या अपूर्ण ठेवू लागले की शाळा त्याला आळस म्हणते आणि घर मोबाइलला दोष देते. कधी कधी यामागे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, चंचलता आणि उतावळेपणा यांची मेंदूच्या विकासाशी संबंधित अवस्था, असू शकते. अशा मुलांचे नाशिकमधील पालक, शिक्षक आणि स्वतः त्यातून गेलेले लोक यांनी सविस्तर लिहावे. औषधांच्या मात्रा मात्र लिहू नयेत.

आई, इंदिरानगर :
मुलीने सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा सहज पार केली. कृती संशोधन प्रकल्पाची वेळ आली तेव्हा मात्र विषय सतत बदलत राहिला, रामकुंडावरून आणलेले पाण्याचे नमुने बाटल्यांत तसेच पडून राहिले आणि नोंदवही कोरीच राहिली. ती वर्गात कोणाला त्रास देत नसे, नुसती खिडकीबाहेर पाहत बसे, त्यामुळे तक्रार कधी आलीच नाही. चंचलता नसलेला, केवळ अवधान न टिकण्याचा हा प्रकार मुलींमध्ये बरेचदा नजरेतून सुटतो, असे बालमानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले. बुद्धिमापन चाचणीत भाषिक आकलन उत्तम निघाले, कामाचा वेग त्या मानाने बराच कमी. पण एवढ्यावरून निदान होत नाही, लक्षणे वयाच्या 12 वर्षांपूर्वीपासून, किमान सहा महिने आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, हेही त्यांनी बजावले. म्हणून प्रश्नावली आमच्याबरोबर वर्गशिक्षिकांनीही भरली. आता गृहपाठाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाची वेळ फळ्यावर लिहितो. प्रकल्प पूर्ण होतात. सुबक होतात असे म्हणणार नाही.

गणित शिक्षक, पंचवटी :
प्रत्येक चुळबुळ्या हुशार मुलाला एडीएचडी असतो असे नाही. माझ्या वर्गातील एक विद्यार्थी केवळ गणिताच्या तासालाच अस्वस्थ असे. वरच्या इयत्तेची उदाहरणे दिल्यावर तो शांत बसू लागला.

अभियंता, अंबड :
सरांचे म्हणणे मान्य आहे, पण उलट बाजूही पाहावी. मी बुद्धिबळात तासन्‌तास रमत असे, म्हणून "लक्ष लागते, मन लावत नाही" असा निष्कर्ष घरात कायमचा निघाला. आवडीच्या कामात गुंग होणे एडीएचडीतही असू शकते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. दहावी आदल्या रात्रीच्या अभ्यासावर निभावली, अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी केटी लागल्या, म्हणजे काही विषय राहिले. निदान नोकरी लागल्यावर झाले. डॉक्टरांनी जुनी प्रगतिपुस्तके मागितली आणि आईने ती जपून ठेवलेली निघाली, हे माझे नशीब. पालकांनो, ती रद्दीत घालू नका.

वडील, सिडको :
परीक्षेतील सवलतींविषयी एक मुद्दा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील अडचण) आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. आमच्या मुलात दोन्ही आढळले, म्हणून अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वेगळे काढावे लागले. हे काम दहावीच्या वर्षावर ढकलू नये.