मदत हवी आहे: जोराच्या पावसात एअर फिल्टर ओला होतोय, पाणी आत येणं कसं थांबवावं?

धागाकर्ता

गाडी पेट्रोल, 1.2 लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. हवा ओढणाऱ्या पाइपचं तोंड रेडिएटरच्या वर, ग्रिलच्या मागे आहे आणि ते समोर बघतं. व्यास साधारण 60 मिमी. गाडी साचलेल्या पाण्यात कधीच घातलेली नाही. तरीही जोराच्या पावसात हायवेवर चालवल्यानंतर एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) उघडला की तळाला पाणी आणि चिखलाचा थर दिसतो, फिल्टरच्या घड्यांची खालची कड ओली असते. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही, पिकअप नेहमीसारखा.

दोन उपाय सुचवले गेलेत: पाइपच्या तोंडावर अर्ध्यापर्यंत टेप लावायची आणि एअर बॉक्सच्या तळाचं छिद्र एपॉक्सीने बुजवायचं. करावं का? नसेल तर काय करावं?

पाना_पक्कड

दोन्ही करू नका. छिद्र तर अजिबात बुजवू नका.

एअर बॉक्सच्या तळाचं छिद्र मुद्दाम दिलेलं असतं. पावसात थोडं पाणी पाइपमधून आत येणारच, हे धरूनच बॉक्स बनवलेला असतो. पाणी फिल्टरच्या खालच्या, म्हणजे न गाळलेल्या हवेच्या कप्प्यात पडतं आणि छिद्रातून निघून जातं. तुमच्याकडे तळाला पाणी साचतंय, याचा पहिला अर्थ निचरा होत नाहीये. पाणी येतंय किती हा त्यानंतरचा प्रश्न.

छिद्र साधारण 6 ते 8 मिमीचं असतं आणि धूळ, किडे, पानांचे तुकडे यांनी सहज बंद होतं. फिल्टर काढा, खालचा कप्पा ओल्या फडक्याने पुसा आणि प्लास्टिकचा केबल टाय आतून छिद्रात घालून खालून बाहेर काढा. धारदार तार वापरू नका. काही गाड्यांत छिद्राखाली चोचीसारखा रबरी वॉल्व्ह असतो. इंजिन चालू असताना आतल्या ओढीने त्याचे ओठ मिटलेले राहतात आणि इंजिन बंद झालं की साचलेल्या पाण्याच्या वजनाने उघडतात. बोटांनी दाबून बघा. रबर कडक झालं असेल, ओठ चिकटले असतील किंवा चिरले असतील तर वॉल्व्ह बदला. चिरलेला वॉल्व्ह उलटा त्रास देतो, कारण तो खालून धूळ आणि चाकांचे तुषार आत ओढतो.

मग बॉक्स बसवून, फिल्टर न घालता, खालच्या कप्प्यात 100 मिली पाणी ओता. वरचं झाकण आणि त्यापुढचा इंजिनाकडे जाणारा पाइप बाजूला ठेवा, म्हणजे पाणी तिकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. पाणी मिनिटाभरात खाली टपकून संपलं पाहिजे.

दट्ट्या

सहमत. टेपबद्दल थोडं गणित देतो, म्हणजे ती का नको ते कळेल.

1.2 लिटरचं चारस्ट्रोक इंजिन 3000 आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून) मिनिटाला सुमारे 1800 लिटर हवा घेतं, म्हणजे सेकंदाला 30 लिटर. 60 मिमी व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ 28 चौरस सेंमी. तिथे हवेचा वेग होतो सेकंदाला साडेदहा मीटर. पावसाचा 1 मिमीचा थेंब सेकंदाला साधारण 4 मीटर वेगाने पडतो, 2 मिमीचा साडेसहा मीटरने, आणि अगदी मोठा 5 मिमीचा थेंबही 9 मीटरच्या आसपास. म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर पाइपमधली हवा कुठल्याही थेंबाला उचलून वर नेऊ शकते. हलक्या थ्रॉटलवर हाच वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि मोठे थेंब मागे राहतात.

आता अर्ध्या तोंडावर टेप लावली तर उरलेल्या तोंडातला वेग दुप्पट होतो. पाणी अडवण्यासाठी केलेला उपाय पाणी अधिक जोरात ओढायला लागतो. शिवाय ओली टेप सुटली तर ती थेट पाइपात जाते.

पाणी वेगळं होतं ते हवा मंदावल्यावर. एअर बॉक्सचा आडवा छेद समजा 200 × 150 मिमी असेल, तर तीच 30 लिटर हवा तिथे सेकंदाला फक्त 1 मीटर वेगाने वर चढते. पाव मिलिमीटरपेक्षा मोठा थेंब या वेगात तरंगू शकत नाही, खाली पडतो. बॉक्स मोठा असण्याचं हेही एक कारण आहे. पण खाली पडलेलं पाणी बाहेर गेलं नाही तर सगळं फुकट. याच आकाराच्या बॉक्समध्ये फक्त 1 सेंमी पाणी साचलं तरी ते 300 मिली होतं, आणि वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर ते उसळून थेट फिल्टरच्या घड्यांवर जातं.

ग्रिलमागचा

निचरा झाला की पुढचं काम म्हणजे पाणी नक्की कुठून येतंय ते शोधणं. अंदाजाने पत्रे लावत बसू नका. जागा चारच असतात.

पहिली, समोरून ग्रिलमधून. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या वर काळं प्लास्टिकचं आडवं कव्हर असतं. ते दिसायला शोभेचं वाटतं, पण पाइपच्या तोंडाला आडोसा तेच देतं. बंपर किंवा हेडलाइटचं काम झाल्यावर ते परत बसवायचं राहून जातं, नाहीतर चारपैकी दोन क्लिपांवर लटकत असतं. गाडीच्या पार्ट्स कॅटलॉगमधलं चित्र समोर ठेवून एकेक तुकडा ताडून बघा.

दुसरी, बॉनेटच्या कडेची फट. कडेची रबरी पट्टी दबून चपटी झाली की पाणी थेट खाली गळतं. कागदाची पट्टी रबरावर ठेवून बॉनेट बंद करा आणि कागद ओढा. सगळीकडे सारखा अडकून यायला हवा. जिथे अलगद सुटतो तिथे रबर संपलंय, किंवा बॉनेटचे रबरी ठोकळे खाली बसलेत. ठोकळे पिळून थोडे वरखाली करता येतात.

तिसरी, पुढच्या काचेखालची पन्हळ, जिथे वायपर असतात. तिचे दोन्ही टोकांचे निचरे पानांनी तुंबले की पाणी काठावरून इंजिनाच्या बाजूला सांडतं. एअर बॉक्स मागच्या भिंतीला लागून असेल तर ते त्याच्या झाकणावर पडतं. ही पन्हळ पावसाळ्याआधी आणि मध्ये एकदा हाताने साफ केलीच पाहिजे. तुंबली तर केबिनमध्येही पाणी येतं.

चौथी, चाकाच्या बाजूने. काही गाड्यांत पाइपचं तोंड किंवा आवाज कमी करणारा प्लास्टिकचा डबा मडगार्डच्या पोकळीत असतो. आतलं लायनर फाटलं किंवा त्याच्या क्लिपा पडल्या की चाक सगळा चिखल तिकडे फेकतं. तुमच्या बॉक्समध्ये नुसतं पाणी नसून चिखल आहे, म्हणून ही जागा आवर्जून बघा. समोरून आलेलं पावसाचं पाणी एवढं गढूळ नसतं, पण पुढच्या गाडीच्या चाकांचे तुषार तसे असतात, हेही लक्षात ठेवा.

तपासायची पद्धत: इंजिन बंद, बॉनेटखालची जागा कोरडी. पाइपच्या तोंडाभोवती, आडव्या कव्हरवर आणि बॉक्सच्या झाकणावर टाल्कम पावडर हलकी भुरभुरवा. बॉनेट लावा. झारीने किंवा नळाच्या सौम्य धारेने एका वेळी एकाच जागी पाच मिनिटं पाणी टाका: आधी काचेखाली, मग बॉनेटच्या कडेवर, शेवटी ग्रिलवर. प्रत्येक वेळी उघडून पावडरीतले ओघळ बघा. प्रेशर वॉशर वापरू नका, त्याचा दाब खऱ्या पावसापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि कनेक्टरांत पाणी घुसतं. एरवी गाडी धुतानाही त्याचा फवारा ग्रिलवर सरळ मारू नये.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. छिद्र पूर्ण बंद होतं, केबल टायने मोकळं केलं, आता 100 मिली पाणी लगेच जातं. काचेखालून आणि बॉनेटच्या कडेने ओघळ नाहीत, मडगार्डचं लायनर जागेवर आहे. ग्रिलवर पाणी टाकल्यावर मात्र पाइपच्या तोंडात सरळ ओघळ दिसला. रेडिएटरवरचं कव्हर आहेच कुठे, तिथे क्लिपांची रिकामी भोकं आहेत!

कव्हर मागवतोय. ते मिळेपर्यंत तात्पुरता आडोसा कसा करावा? आणि ओला झालेला फिल्टर वाळवून चालेल का?

पाना_पक्कड

मूळ कव्हर मिळत असेल तर तेच लावा, ते बॉनेटच्या आतल्या आकाराला जुळवलेलं असतं. तोवर 2 ते 3 मिमी जाडीची एबीएस प्लास्टिकची शीट किंवा जाड ईपीडीएम रबर शीट घ्या. पातळ पॉलिथिन नको, ते ओढलं जाऊन तोंडावर चिकटतं. फोम किंवा कापडही नको, ते भिजलं की हवा अडते.

आडोसा तोंडाच्या समोर आणि वर हवा, खालची आणि मागची बाजू मोकळी. मुख्य गोष्ट म्हणजे अंतर. गोल तोंडासमोर सपाट पत्रा धरला तर हवा सगळ्या बाजूंनी आत यायला किमान व्यासाच्या एक चतुर्थांश फट लागते. 60 मिमीला ती 15 मिमी. पण तुमच्याकडे वरची बाजू बंद राहणार, म्हणून 40 मिमीच्या खाली जाऊ नका. तोंड लांबट असेल तर फटीचं एकूण क्षेत्रफळ तोंडाच्या किमान दीडपट ठेवा. आडोशाची खालची कड तोंडाच्या खालच्या कडेपेक्षा 20 मिमी तरी खाली यावी, नाहीतर तिरकं पाणी खालून जातं.

रिकाम्या क्लिपांच्या भोकांतच बसवा. एअर बॉक्सला किंवा पाइपला नवीन भोक पाडू नका. पंखा, पट्टा, बॉनेटचं कुलूप यांपासून लांब ठेवा आणि बसवून झाल्यावर हाताने जोरात हलवून बघा.

दट्ट्या

आडोसा लावल्यावर एक मोजमाप नक्की घ्या. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं उपकरण) असेल तर आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. आडोशामुळे पाइप रेडिएटरच्या मागची गरम हवा घ्यायला लागला तर हायवेवर हे तापमान आधीपेक्षा स्पष्ट वाढलेलं दिसेल. तसं झालं तर मागची फट कमी करून खालची वाढवा. मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब दिसत असेल तर पूर्ण थ्रॉटलवर तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळ जायला हवा. आडोशाशिवाय आणि आडोशासह सारखाच आला की श्वास अडत नाहीये.

घडीचा_कागद

फिल्टरबद्दल. कागदी फिल्टरचा कागद राळेने टणक केलेला असतो, थोडा ओलावा सोसतो. पण भिजला की तंतू फुगतात, मधली छिद्रं बारीक होतात, धुळीचा चिखल होऊन तो आत रुततो. ओढ वाढली की घड्या एकमेकींना चिकटतात, आणि शेवटी कागद फाटला तर पाणी आणि माती दोन्ही इंजिनात जातात.

फक्त कड ओलसर असेल, घड्या सरळ आणि समान अंतरावर असतील तर सावलीत, वाऱ्यावर, उभा ठेवून पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायर, ऊन, कॉम्प्रेसरची हवा काहीही नको. कागदी फिल्टर धुऊही नये. वाळल्यावर मागून टॉर्च लावून बघा. घड्या लहरी झाल्या असतील, चिखलाचे डाग गाळलेल्या हवेच्या बाजूला उमटले असतील किंवा कडेचं रबर सुटलं असेल तर सरळ नवीन घाला. तुम्ही चिखल म्हणताय, त्यामुळे माझा कौल नव्यालाच. वाळेपर्यंत फिल्टरशिवाय गाडी चालवू नका.

फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये बोट फिरवा. तिथे ओल किंवा माती लागली तर पाणी फिल्टर ओलांडून गेलंय. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर त्याची तार किंवा फिल्म फक्त त्याच्यासाठीच्या स्प्रेने, इग्निशन बंद ठेवून, न शिवता साफ करा आणि पूर्ण सुकल्यावरच बसवा. काही इंजिनांत हा सेन्सर नसतोच.

वाटसरू

याच विषयाला धरून: कोन आकाराचा उघडा फिल्टर लावला तर पावसाचा प्रश्न सुटतो का? की स्नॉर्कल (उंचावरून हवा ओढणारा उभा पाइप) बरा?

ग्रिलमागचा

कोन फिल्टरने वाढतो. त्याला बॉक्स नाही, म्हणजे थेंब खाली पडायची जागाच नाही. बंपरच्या खालच्या कोपऱ्यात बसवला तर एरवी चालून गेलं असतं तेवढं पाणीही धोक्याचं ठरतं. पाणी झिडकारणारं जाळीदार आवरण मिळतं, ते तुषार अडवतं, बुडण्यापासून वाचवत नाही. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला तेल जास्त झालं तर एमएएफ सेन्सर खराब होतो.

स्नॉर्कल साचलेल्या पाण्यासाठी आहे, पावसासाठी नाही. तोंड समोर ठेवलं तर तो उलट पाऊस गोळा करतो. म्हणून एकतर खाली निचऱ्याची फट असलेलं डोकं हवं, किंवा पावसात तोंड मागे वळवावं. एकही सांधा हवाबंद नसेल तर तो नुसता पाइप आहे.

धागाकर्ता

शेवटचा प्रश्न. किती पाणी आत गेलं तर इंजिन खरंच मोडतं?

दट्ट्या

तुमच्या इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान 300 सीसी. कॉम्प्रेशन गुणोत्तर (पिस्टन पूर्ण खाली असतानाची एकूण जागा भागिले पूर्ण वर असतानाची) 10 धरलं तर पिस्टन पूर्ण वर असताना उरलेली जागा 300 भागिले 9, म्हणजे सुमारे 33 सीसी. एका सिलिंडरमध्ये एका वेळी त्याहून जास्त पाणी गेलं की ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये गुणोत्तर जास्त, म्हणून मर्यादा आणखी कमी. तुषारांच्या रूपाने आलेलं थोडं पाणी वाफ होऊन निघून जातं. धोका एकदम आलेल्या लोंढ्याचा, म्हणजे तुंबलेल्या बॉक्समधल्या त्या 300 मिलीचा.

भर पावसात इंजिन झटक्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आधी एअर बॉक्स उघडा. फिल्टरच्या पुढे पाणी दिसलं तर गाडी टो करून न्या. तिथे इंधन आणि इग्निशन तोडून, स्पार्क प्लग काढून, क्रँक पुली पान्याने हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं. ऑइलचा रंग दुधी झाला असेल तर ऑइल आणि त्याचा फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.