‘द करेक्शन्स’मध्ये आईवडिलांची टिंगल आहे? मला नाही पटत

मधली मुलगी (धागाकर्ती)

परवा एकाने जोनाथन फ्रँझेन या अमेरिकन लेखकाच्या ‘द करेक्शन्स’ या कादंबरीवर लिहिलं होतं, की पाचशेच्या वर पानं वाचून हाती काय लागलं, तर म्हाताऱ्या आईबापांची टिंगल आणि तीन मुलांचं रडगाणं. जीव लावावा असा एकही माणूस नाही म्हणे. खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग बघितली आणि राहवलं नाही.

शेवटपर्यंत वाचलीत का हो? आल्फ्रेड लँबर्ट, रेल्वेतला इंजिनिअर, तोंडातून गोड शब्द म्हणून निघत नाही. पूर्ण पेन्शन हाताशी आलेली असताना तो नोकरी सोडतो. बायको ईनिड त्यावरून त्याला आयुष्यभर बोल लावते आणि हा बाबा कारण सांगत नाही. कित्येक वर्षांनी मुलीला, डेनिसला कळतं, की कॉलेजच्या वयात बापाच्याच ऑफिसातल्या एका लग्न झालेल्या माणसाशी तिचं जे प्रकरण झालं, ते बापाला माहीत होतं. त्या माणसाने त्याचा वापर करून बापावर दबाव आणला होता. मुलीचं नाव कुठे येऊ नये म्हणून बाप नोकरी सोडून गप्प बसला. तिलाही एका शब्दाने विचारलं नाही. ही टिंगल? हे पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

रात्रपाळी

ते लिहिणारा मीच. शेवटपर्यंत वाचली आहे, तेव्हा तो प्रश्न राहू दे.

माझ्या वडिलांना आल्फ्रेडसारखाच पार्किन्सन्स होता. नऊ वर्षं. त्यांना भास व्हायचे, पांघरुणावर मुंग्या दिसायच्या. रात्री दोन वाजता मी दिवा लावून चादर झटकून दाखवायचो, मग पुन्हा घडी घालून पायावर टाकायचो. अर्ध्या तासाने परत मुंग्या. आता आल्फ्रेड-ईनिडच्या समुद्रसफरीतला तो जहाजावरचा प्रसंग आठवा. रात्री आल्फ्रेडला भास होतो, विष्ठा त्याच्याशी बोलते, शिव्या घालते, आणि लेखक ते पानामागून पानं रंगवत राहतो. वाचकाने हसावं म्हणूनच ना? मला नाही हसू आलं. ज्याने रात्री दोनला चादर झटकली आहे, तो असं लिहिणार नाही.

शाई वाळेपर्यंत

तुमच्या नऊ वर्षांबद्दल आदर आहे, पण शेवटचं वाक्य चूक आहे. फ्रँझेनचे वडीलही रेल्वेतच इंजिनिअर होते आणि त्यांना अल्झायमर झाला होता. कादंबरी आली त्याच २००१ साली त्याने त्यांच्या आजारावर एक दीर्घ लेख लिहिला. वडिलांच्या मेंदूच्या शवविच्छेदनाचा अहवाल आईने त्याला व्हॅलेंटाइनच्या कार्डाबरोबर पोस्टाने पाठवला होता, तिथून तो सुरू होतो. तेव्हा हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं आहे. आणि त्या प्रसंगात आल्फ्रेडची आयुष्यभराची शिस्त, स्वच्छता, स्वतःवरचा ताबा हेच त्याच्यावर उलटतं. मला तिथे भीती वाटली.

रात्रपाळी

जवळून पाहणं वेगळं, रात्र काढणं वेगळं.

खिडकीशेजारची जागा

माझं म्हणणं जरा बाजूचं आहे. टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीने तिच्या बुक क्लबसाठी हे पुस्तक निवडलं तेव्हा लेखकमहाशयांनी नाक मुरडलं. बायकांचं पुस्तक समजून पुरुष वाचक दुरावतील ही काळजी! तिने कार्यक्रमाचं आमंत्रण मागे घेतलं, पुढे नॅशनल बुक अवॉर्ड मिळालंच. पण ईनिडसारखी बाई लिहायची, आणि ईनिडसारख्या बायकांनी वाचलं तर कमीपणा वाटायचा, हे मी विसरू शकत नाही. कादंबरी चांगली आहे, तरीही.

दुधाचा ग्लास

अवांतर होईल, पण लिव्हरच्या जेवणावर कुणीच कसं बोलत नाही? आल्फ्रेड निरोप न घेता कामाच्या दौऱ्यावर गेला, म्हणून ईनिड त्याचा सूड जेवणातून काढते. लिव्हर आणि कुस्करलेला रुटाबागा, म्हणजे सलगमासारखा कंद. थोरला गॅरी गुणी बाळासारखा खातो. लहानग्या चिपच्या घशाखाली उतरत नाही. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही, असं बापाचं फर्मान. बाप तळघरात, आई दुसरीकडे, आणि पोर टेबलावर डोकं टेकून झोपी जातं.

मला दूध आवडायचं नाही. ग्लास संपेपर्यंत ओट्यापाशी उभं करायचे. दूध गार व्हायचं, वर साय धरायची, ती ओठाला चिकटली की उमासा यायचा. मी आज पन्नाशीत आहे आणि साय बघितली की मान आपोआप वळते.

दोन मुलांची आई

सगळ्या गोष्टींना अत्याचार म्हणायची फॅशन झाली आहे. मीही मुलाला ताटावर बसवलं आहे. दिवसभर राबून केलेलं अन्न पोराने ढकललं की काय वाटतं, ते करणाऱ्यालाच माहीत. त्या ईनिडकडे बघा ना! पोटुशी बाई, नवरा घरी येऊन बोलत नाही, दोन मुलगे सांभाळायचे. तिने कुणाकडे बघायचं?

दुधाचा ग्लास

ईनिडची दया येते, तुमची नाही येत. तुम्ही राबलात याचा हिशोब पोराच्या घशातून का वसूल करायचा? माझी आईही राबायची. म्हणून ते दूध गोड झालं नाही.

दोन मुलांची आई

ओळख ना पाळख, माझ्या घरात शिरू नका. माझा मुलगा आज सगळं खातो.

दुधाचा ग्लास

गॅरीही सगळं खायचा. मोठेपणी त्याचं काय होतं ते वाचा. बँकेत मोठा माणूस, आणि आपल्याला नैराश्य आहे हे बायकोसमोर कबूल करायचं नाही म्हणून रात्रंदिवस झगडतो. ताट चाटूनपुसून खाणाऱ्या पोराचं सगळं ठीक चाललंय, असं समजू नका.

शाई वाळेपर्यंत

दोघांनी जरा दमानं घ्या. त्या प्रसंगाचा शेवट कुणीच सांगितला नाही. रात्री उशिरा आल्फ्रेडच त्या झोपलेल्या पोराला उचलून वर नेऊन निजवतो. शिक्षा त्याचीच आणि उचलून नेणंही त्याचंच.

दोन मुलांची आई

हेच सांगत होते मी. आणि हो, एकदा माझाही असाच ताटावर झोपला होता. तेव्हा मी त्याला उचललं नाही, हाक मारून उठवलं आणि उरलेलं भरवलं. तेवढं चुकलं माझं. बाकीचं मी मागे घेत नाही.

मधली मुलगी (धागाकर्ती)

धागा दुधात बुडाला, असू दे. रात्रपाळी, जहाजाचा प्रसंग लांबला आहे, हे मान्य. निम्म्यात आटोपला असता तरी चाललं असतं. पण टिंगल मी मानणार नाही. शेवटी हॉस्पिटलात आल्फ्रेड चिपला, ज्याला त्याने त्या टेबलावर बसवून ठेवलं त्याच मुलाला, विनवतो की हे संपव, मला सोडव. चिप म्हणतो, मला नाही जमणार. हे तुम्हाला कोरडं वाटलं?

रात्रपाळी

नाही. ते पान मी सोडून बोलत होतो, हे खरं आहे.

माझ्या वडिलांनीही विचारलं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि चादर झटकली. त्या रात्री त्यांना मुंग्या दिसत नव्हत्या.

टिंगलीचा शब्द मागे घेतो. जहाजाचं प्रकरण मात्र मी पुन्हा वाचणार नाही.