मदत हवी आहे – शेजारच्या काकूंच्या वतीने अर्ज करायचा आहे

आम्ही दादरला राहतो. शेजारच्या काकू ७८ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी राहती जागा बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर केली. आता मुलगा-सून रोज "गावी जा" म्हणून मागे लागलेत. परवा संध्याकाळी काकू जिन्यात बसलेल्या दिसल्या, मांडीवर औषधांची पिशवी, दाराला आतून कडी. मी बेल वाजवून बोललो, तर "घरचा मामला आहे, तुम्ही मध्ये पडू नका" म्हणून दार लावून घेतलं. शेवटी काकू आमच्याकडेच जेवल्या. मला गप्प बसवत नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, कलम ५ प्रमाणे, स्वतः अर्ज करणं शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती अर्ज करू शकते. काकूंना जिना उतरवत नाही, पण सही करतात. मग मला अर्ज करता येईल का? अधिकारपत्र साध्या कागदावर चालतं की स्टॅम्प लागतो? सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र, ती अट पाळली नाही तर, कलम २३ ने रद्द होऊ शकतं, पण काकूंच्या कागदात ती अट स्पष्ट लिहिलेली नाही.

१४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनवर मी फोन करणारच आहे. पण काकू अजून "मुलाचं वाईट नको व्हायला" म्हणतात. कोणी अशा प्रकरणात उभं राहिलं असेल तर कृपया सांगा.